बर्फावर पट्टा लावायचा नसतो

आमच्या बेटाकडे येणारा एक रस्ता
हिवाळ्यात समुद्रावरून जातो.
चांगली थंडी पडली तर. दर वर्षी पडतेच असं नाही.
वेग पंचवीसच्या खाली ठेवा, नाहीतर चाळीसच्या वर,
मधल्या वेगाला बर्फाखालची लाट जागी होते.
वाटेत थांबू नका.
आणि पट्टा लावायचा नसतो,
गाडी गेलीच खाली तर निसटता यायला हवं.
आम्ही हे पाढ्यांसारखं पाठ केलेलं असतं.

काउर, माझा धाकटा भाऊ, सोळा वर्षांचा,
पट्ट्यासकट सापडला.

रान्नो चालवत होता. रान्नो वर आला.
मार्च होता, रस्ता दोन दिवसांपूर्वीच बंद झालेला,
आणि यांना रात्री पलीकडे जायचं होतं,
कशाला, तर कुणाची तरी जुनी मोपेड बघायला.

त्याच्या महिनाभर आधी
सरपणाच्या खोपटामागे रान्नोनं विचारलं होतं,
तुझ्या हातमोज्यात माझाही हात मावेल का.
मावला.
एवढंच. त्याला धड नावही पडलं नव्हतं.

नंतर दोन हिवाळे मी त्याच्याशी बोलले नाही.
साडेतीनशे माणसांच्या गावात न बोलणं हेही कष्टाचं काम.
तो पावाच्या फळीशी असला की मी माशांच्या डब्यांशी.
आईनं त्याचं नाव टाकलं.
बाबा त्याच्या घरावरून जाताना ट्रॅक्टर हळू करायचे,
का, ते कुणी विचारलं नाही.
शेजारची हेल्व म्हणायची, क्षमा कर पोरी, मन हलकं होईल.
मी मान डोलवायची.
तिला काय माहीत कुणाची क्षमा अडली होती.

कारण त्या रात्री नऊ वाजून बारा मिनिटांनी
मी काउरला मेसेज केला होता:
रान्नो वेड्यासारखा चालवतो. पट्टा लाव. माझी शपथ.
मला वाटलं, बंदरापर्यंतच जातायत.

यंदा समुद्र गोठलाच नाही. फेरीबोट चालू राहिली.
मी ताल्लिनला निघाले होते, नर्सिंगच्या मुलाखतीला.
बोटीच्या कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप घेऊन
तो समोर येऊन बसला. न विचारता.
"माफी मागायला नाही आलो," म्हणाला. "दुसरीकडे जागा नाहीये."
जागा होती. सगळं कँटीन रिकामं होतं.

मग मीच सांगून टाकलं. मेसेजचं.
आईला नाही, पाद्रीबाईंना नाही, त्याला.
तो काळा पाव मोडत राहिला.
"माहितीये. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला.
म्हणाला, ताईसाहेबांचा हुकूम. हसला. लावला."

"पोलिसांना बोलला नाहीस."

"त्यांनी वेग विचारला. तेवढं सांगितलं."

"किती होता?"

"तीस."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला:
एवढ्या मेहनतीनं, एवढे दिवस
मी ज्याच्याकडे पाठ करून उभी होते,
त्याला पाठीमागून सगळं दिसत होतं.
सुपावर साय धरली. मी ती चमच्यानं बाजूला करत बसले.
खिडकीबाहेर ते पाणी होतं,
कुठलं नेमकं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.
बोट त्यावरून गेली. आम्ही दोघंही टेबलाकडे बघत होतो.

गाड्यांपाशी जाण्याची घोषणा झाली.
माझी बस वेगळी होती. मी त्याच्या गाडीत बसले.
गाडी जुनीच घेतलेली, आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास.
त्याचा हात गिअरवर. वाढलाय,
आता माझ्या मोज्यात मावणार नाही.

उतार खाली टेकला. पुढच्या गाड्या निघाल्या.
पुढे साधी जमीन, डांबर, पाइनची झाडं.
नारिंगी जाकिटातली बाई हात हलवून बोलावत होती.
मी पट्टा ओढला
आणि अर्ध्यावर धरून ठेवला.
रान्नोनं किल्ली फिरवली नाही.
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला,
मग पुन्हा, जरा लांब.